हिराकाकूंचा माणिक

हिराकाकूंसमोर कुणी काही विकायला, पटवायला किंवा शिकवायला बसलं की त्यांचे तीन प्रश्न ठरलेले असत. "याच्यानं काय व्हईल? किती दिसात व्हईल? आन नाय केलं तर?" पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं माणसं घरून पाठ करून आलेली असत. तिसऱ्याला हमखास अडखळत. औषधांचे एजंट, जमिनीचे दलाल, मोबाइलच्या टॉवरसाठी जागा मागणारे, सगळ्यांना मी त्यांच्या पडवीत तिसऱ्या प्रश्नावर घाम पुसताना पाहिलं आहे. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी एकदा बागेकडची भिंत उंच करायचा प्रस्ताव घेऊन गेले होते. अर्ध्या तासात मूठभर बेदाणे घेऊन परत आले आणि म्हणाले, "राहू द्या, नाही केली तरी चालेल."

मखमलाबादच्या अंगाला आमची इमारत आहे आणि तिच्या मागे काकूंची दीड एकर द्राक्षबाग होती. तीन बाजूंनी इमारती उठल्या, पण काकू हलल्या नाहीत. मुलगा पुण्याला नोकरीत, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. साठी ओलांडलेली ही बाई पाचवारी साडीवर नवऱ्याचा पांढरा फुल शर्ट घालून, बाह्यांची बटणं मनगटापर्यंत लावून, दिवसभर बागेत असायची. त्या शर्टाच्या खिशात विरळणीची बारीक कात्री, एक भिंग, पेन्सिलीचा तुकडा आणि घरच्या बेदाण्यांची पुडी. विकून उरलेली द्राक्षं त्या गच्चीवर जाळीत वाळवायच्या आणि भेटेल त्याच्या हातावर ठेवायच्या. भांडण झालं तरी, मिटलं तरी.

माझी त्यांची ओळख भांडणातूनच झाली. आम्ही नवीन राहायला आलो होतो. एका सकाळी दाराची बेल वाजली. दारात काकू, हातात माझ्याच घरची कचऱ्याची पिशवी. ती बाल्कनीतून कशी पडली ते मला आजही नीट सांगता येत नाही, आणि त्यांना तर त्यात काडीचा रस नव्हता. त्यांनी पिशवीतून कुरियरचं पाकीट काढून माझ्या नाकासमोर धरलं. "चारशे दोन. हे तुमचंच ना?" चार मजले जिना चढून आल्या होत्या, कारण लिफ्टवर त्यांचा भरवसा नव्हता. त्यांच्या मागे एक पिवळट तांबडा, एक कान पडलेला कुत्रा धापा टाकत उभा. मला कुत्र्यांची भयंकर भीती. मी दाराआडून माफी मागितली. काकूंनी चांगलं झापलं, मग खिशातून बेदाणे काढले आणि विचारलं, "काय करता तुम्ही?" शाळेत इंग्रजी शिकवते म्हटल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बरं झालं. मास्तरीण हाय तर वाचता येत असंल. कचरा खाली टाकू नये असं खाली बोर्डावर लिवलंय." त्या दिवसापासून मी मास्तरीण झाले ती कायमची.

तो कुत्रा म्हणजे माणिक. काकूंच्या बागेत माणिकचमन जातीची द्राक्षं होती, त्या रांगांमध्ये हे पिल्लू सापडलं म्हणून माणिक. आमच्या इमारतीत या जोडीला हिरे-माणकं म्हणायचे, अर्थात काकूंच्या माघारी. माल पिकायला आला की पोपट आणि बुलबुल तुटून पडतात. काकू रांगेच्या या टोकाला पत्र्याचा डबा बडवायच्या आणि माणिक त्या टोकापर्यंत भुंकत धावायचा, परत यायचा, पुन्हा धावायचा. खाली पडलेले मणीही वेचून खायचा. नऊ वर्षं त्याची ही नोकरी चालली होती.

काकूंचं वाचन म्हणजे औषधांची लेबलं. शाळा सातवीपर्यंत, पण बाटलीबरोबरचं पत्रक त्या भिंग लावून पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणार आणि वाचून झालेल्या प्रत्येक ओळीशेजारी पेन्सिलीची बारीक खूण करणार. एकही ओळ खुणेवाचून राहिली तर बाटलीचं बूच उघडायचं नाही. नंतरही औषध आधी कोपऱ्यातल्या एका वेलीवर मारायचं, चार दिवस थांबायचं, मग बाकीच्या बागेला. त्या कोपऱ्यातल्या वेलीनं काय काय सोसलं असेल ते तिलाच माहीत. एकदा एक एजंट घाईत होता. "काकू, सगळं जग वापरतंय हे," म्हणाला. काकूंनी पत्रकावरून डोकं वर न काढता सांगितलं, "जगानं वाचलं नसंल. तू च्या घे."

माणिकच्या गाठी त्यांच्या बोटांना लागल्या त्या डिसेंबरात, विरळणीच्या दिवसांत. घडातले दाट मणी कात्रीनं काढताना बोटांना मण्याच्या मापाची इतकी सवय होते, की डोळे मिटूनही कळतं. संध्याकाळी माणिकचा गळा खाजवताना जबड्याखाली दोन्ही बाजूंना टणक काहीतरी लागलं. मग खांद्यापाशी, मग मागच्या पायांच्या गुडघ्यामागे. काकूंनी आतून मणी मोजायची पट्टी आणली. निर्यातीच्या मालासाठी वापरतात ती. प्लॅस्टिकची, वेगवेगळ्या मापांची गोल भोकं असलेली. गाठीवरची कातडी ताणून त्यांनी पट्टीचं एकेक भोक बसवून बघितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. आठव्या दिवशी जबड्याखालची गाठ पट्टीतल्या सगळ्यात मोठ्या भोकातही मावेना, तेव्हा त्या माझ्याकडे आल्या. या खेपेला लिफ्टनं आल्या, त्यावरूनच मी काय ते ओळखलं.

"मास्तरीणबाई, गाडी काढतीस का?"

आमच्या गाडीत कुत्रा ही कल्पनाच मला असह्य होती. पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मी किल्ली घेतली. गंगापूर रोडच्या बाजूला प्राण्यांचा एक खासगी दवाखाना आहे, तिथे गेलो. काकू मागच्या सीटवर माणिकचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या. डॉक्टर तरुण होत्या, शांत. त्यांनी गाठीत सुई घालून नमुना घेतला, रक्त घेतलं, पोटाची सोनोग्राफी केली. चार दिवसांनी बोलावलं. ते चार दिवस काकू बागेत नेहमीसारख्या राबत होत्या, पण डबा बडवण्याचा आवाज काही आला नाही.

रिपोर्ट समोर ठेवून डॉक्टर म्हणाल्या, "आजी, हा गाठींचा कॅन्सर आहे, लिम्फोमा. प्लीहा आणि यकृतापर्यंत गेलाय. मुळातून बरा होणार नाही. पण काही मार्ग आहेत."

आजी म्हटलेलं काकूंना आवडायचं नाही, पण त्या दिवशी त्यांनी ते चालवून घेतलं. "एकेक सांगा. सावकाश."

डॉक्टरांनी सांगितलं. दर आठवड्याला सलाइनमधून इंजेक्शन, प्रत्येक वेळी आधी रक्त तपासायचं. पेशी आणि किडनी ठीक असतील तरच पुढचं. गाठी विरघळतात, कुत्रा पुन्हा खातो, धावतो. किंवा नुसत्या स्टेरॉइडच्या गोळ्या; त्यानं थोडे दिवस बरं वाटतं. किंवा काहीच न करता त्रास होऊ नये एवढं बघायचं.

काकूंनी प्रत्येकाला तिन्ही प्रश्न लावले. इंजेक्शननं काय व्हईल? किती दिसात? डॉक्टरांनी न चिडता उत्तरं दिली. काही महिने मिळतील, नशीब असेल तर जास्त. मग काकूंनी तिसरा विचारला. "आन नाय केलं तर?"

"तर महिना. फार तर दीड."

काकूंनी खिशातून पट्टी काढली आणि टेबलावर ठेवली. "हिच्यानं मी रोज मोजते. चाललंय का नाय ते मला कळंल ना?" डॉक्टरांनी पट्टी हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाल्या, आमच्याकडेही इतकं नेमकं कुणी मोजत नाही. पुण्याहून मुलाचा फोन आला, की आई, म्हातारं कुत्रं आहे, कशाला त्याचे आणि तुझे हाल. काकू म्हणाल्या, "म्हातारी तर मीबी हाय," आणि फोन ठेवला.

जानेवारीपासून आमचे गुरुवार सुरू झाले. मी शाळेत दुपारची पाळी मागून घेतली. गाडीच्या मागच्या सीटवर गोधडी टाकली, कुत्र्याच्या केसांबद्दल नवऱ्याची कटकट ऐकली आणि दर गुरुवारी सकाळी दवाखान्याच्या बाकावर बसायला शिकले. रक्त घेऊन आत गेल्यापासून रिपोर्ट येईपर्यंतचा पाऊण तास फार वाईट. काकू पाठ ताठ करून बसायच्या, एक हात माणिकच्या मानेवर. आतून डॉक्टर बाहेर आल्या की काकू त्यांच्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघायच्या. हातात सलाइनची बाटली असली तर आजचं इंजेक्शन होणार. पहिल्या गुरुवारी बाटली होती. दुसऱ्या, तिसऱ्याही होती.

आणि गाठी खरंच उतरू लागल्या. तिसऱ्या आठवड्यात काकू सकाळी सकाळी खालून ओरडल्या, "मास्तरीण! भोकात गेली! मोठ्या भोकात गेली!" चार मजल्यांवरच्या बाल्कन्यांतून माणसं डोकावली. त्यांना काय कळणार? मला मात्र भर सकाळी रडू आलं. पुढच्या आठवड्यात त्याहून खालच्या भोकात. फेब्रुवारीत माल गोड झाला, पोपट आले, आणि एका सकाळी डबा वाजला. मी धावत बाल्कनीत गेले. माणिक रांगेतून पळत होता. पूर्वीसारखा सुसाट नाही, मध्ये थांबून दम घेत होता, पण पळत होता.

याच सुमारास डॉक्टरांनी घरी द्यायच्या गोळ्या वाढवल्या आणि सूचनांचा एक कागद दिला. दोन्ही बाजूंनी छापलेला, इंग्रजीत. त्या दिवशी माझ्या शाळेत पूर्वपरीक्षा होती आणि मला उशीर झाला होता. अशोकस्तंभाच्या सिग्नलला गाडी थांबली तशी काकूंनी मागून कागद पुढे केला. "वाच."

मी वाचला. कुठली गोळी कधी, जेवणाआधी की नंतर, हातमोजे घालूनच हाताळा, ताप आला तर लगेच आणा. एकेक ओळ मराठीत सांगितली. कागद उलटला. मागे खाण्यापिण्याचं होतं, बारीक अक्षरांत, लांबलचक. वरच्या दोन ओळींवरून नजर टाकली तोच सिग्नल सुटला आणि मागच्या रिक्षानं हॉर्न मारला.

"मागं काय हाय?"

"नेहमीचंच हो. चॉकलेट देऊ नका, कांदा देऊ नका, असलं."

"आमच्यात त्याला चाकलेट कोण देतंय!" काकू हसल्या. मीही हसले. कागद घडी करून समोरच्या कप्प्यात टाकला आणि गाडी पळवली. मी इंग्रजीची शिक्षिका. उतारा आधी शेवटपर्यंत वाचा, मगच प्रश्नांना हात घाला, हे मी पोरांना वीस वर्षं सांगत आले आहे.

माणिकला गोळी गिळवणं म्हणजे दिव्य होतं. भाकरीतून द्या, दुधातून द्या, अंड्यातून द्या. अंडं पोटात आणि गोळी जमिनीवर. चार दिवस काकू हरल्या. पाचव्या दिवशी त्यांनी आठ-दहा बेदाणे खलबत्त्यात कुटले, त्याचा लाडू वळला आणि आत गोळी घातली. माणिकनं एका घासात गिळला आणि आणखी मागितला. काकू इतक्या खूश की मला मुद्दाम बोलावून ते दाखवलं. "बघ. घरचाच माल कामाला आला." सकाळ-संध्याकाळ असे लाडू सुरू झाले. त्या लासलगावला भाचीच्या लग्नाला दोन दिवस गेल्या तेव्हा हातमोजे घालून गोळी भरली आणि लाडू मी वळले. माणिकनं माझ्या उघड्या तळहातावरून खाल्ला. आयुष्यात पहिल्यांदा कुत्र्याची जीभ माझ्या हाताला लागली आणि मी घाबरले नाही. वळलेला लाडू पुढे करताना मला स्वतःचा केवढा अभिमान वाटला होता.

मार्चच्या पहिल्या गुरुवारी डॉक्टर बाहेर आल्या आणि त्यांच्या हातात बाटली नव्हती.

आत गेलो. काकूंनी आधी आपली माहिती दिली, जशी दर वेळी द्यायच्या. गाठी अजून उतरल्यात. परवापासून दोनदा ओकला. पाणी दुप्पट पितोय, मुततोय पण लय. डॉक्टरांनी रिपोर्ट पुढे सरकवला. "गाठींचं चांगलं आहे आजी. पण किडनीचे आकडे खूप वाढलेत. या अवस्थेत मी पुढचं इंजेक्शन देऊ शकत नाही." मग त्यांनी विचारलं, "घरी त्याला काय काय खायला देता?"

काकूंनी सगळं सांगितलं. बाजरीची भाकरी, दूध, दिवसाआड अंडं, भाताची पेज. "आन गोळी बेदाण्यात. दोन्ही टायमाला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या किडनीला घातक ठरू शकतात, त्या म्हणाल्या.

"आमचा माणिक पिल्लू व्हता तवापासून बागेतली द्राक्षं खातोय," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

"काहींना काहीच होत नाही, काहींना थोड्यानंही होतं. आणि याच्यामुळेच झालं असं मी छातीठोक नाही सांगू शकत. आजार आहे, औषधांचा भार आहे, वय आहे. पण आम्ही तो कागद देतो, त्यात खाण्याच्या यादीत..." आणि डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं.

मी बोलायला हवं होतं. तोंड उघडलंसुद्धा असेल. तेवढ्यात काकू म्हणाल्या, "मीच दिलं. माझ्या हातानं दिलं. आता पुढचं सांगा."

पुढचं म्हणजे तीन दिवस दवाखान्यात सलाइन लावून बघायचं. आकडे उतरले तर इंजेक्शनचा विचार, नाहीतर नाही. माणिकला आत नेलं. काकूंना घरी सोडायला मी बागेच्या फाटकापाशी गाडी थांबवली, त्या आत गेल्या, आणि मी समोरचा कप्पा उघडला. मागच्या बाजूला, खालून तिसरी ओळ. द्राक्षं, बेदाणे, मनुका, कोणत्याही स्वरूपात देऊ नयेत. ठळक अक्षरांत होती ती. मी स्टिअरिंगवर डोकं ठेवून किती वेळ बसले होते कोण जाणे. मान वर केली तेव्हा काकू खताच्या खड्ड्यापाशी उभ्या होत्या आणि बेदाण्यांचा स्टीलचा मोठा डबा त्यात उपडा करत होत्या. डबा रिकामा झाल्यावर त्यांनी तो दोनदा बुडावर आपटला.

दोन दिवस मी बोलले नाही. काकूंना सकाळी नेत होते, संध्याकाळी आणत होते, आणि प्रत्येक सिग्नलला आज सांगते म्हणत होते. सांगितलं तर त्या माझं तोंड बघणार नाहीत. नाही सांगितलं तर जन्मभर स्वतःला दोष देत राहतील. ज्या बाईनं एकही ओळ खुणेवाचून सोडली नाही, तिनं एक कागद विश्वासानं माझ्या हातात दिला होता. तिसऱ्या दिवशी रिपोर्टची वाट बघत बाकावर बसलो असताना मी पर्समधून तो कागद काढला आणि काकूंच्या मांडीवर ठेवला. "काकू, यात होतं. मी मागची बाजू वाचलीच नाही."

त्यांनी कागदाला हात लावला नाही. "म्हाईत हाय. डाक्टरीणबाई तुझ्याकडं बघाय लागली तवाच कळलं."

"मग तुम्ही मला काही बोलला का नाहीत?"

काकू समोरच्या बंद दाराकडे बघत म्हणाल्या, "वाचायचं व्हतं ना पोरी. शेवटपर्यंत वाचायचं व्हतं."

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. कचऱ्याच्या पिशवीवरून झापलं तसं झापलं असतं तर मी पायावर डोकं ठेवलं असतं. पण त्यांनी एवढंच म्हटलं, आणि समोरचं दार आतून उघडलं.

आकडे थोडे उतरले होते, पुरेसे नाही. डॉक्टर आता खुर्ची ओढून काकूंच्या समोर बसल्या. म्हणाल्या, रोज सलाइन चालू ठेवता येईल, पण त्याला इथे पिंजऱ्यात राहावं लागेल, आणि इंजेक्शनं बंद असल्यानं गाठी परत वाढतील. दुसरं म्हणजे घरी न्या, ओकारी आणि दुखण्याची औषधं देते, जितके दिवस त्याचे चांगले जातील तितके. आणि चांगले जाईनासे झाले की सांगा, मी येऊन त्याला झोपवेन. दुखणार नाही.

"पिंजऱ्यात किती दिस जगंल?"

"थोडे जास्त."

"घरी?"

"थोडे कमी."

काकूंनी माणिककडे पाहिलं. तो टेबलावर आडवा होता, पुढच्या पायाला सुईची पट्टी, आणि डोळे काकूंवर. "घरी," त्या म्हणाल्या.

अकरा दिवस मिळाले. बागेचा माल उतरला होता. काकूंनी कोपऱ्यातल्या त्या वेलीखाली गोणपाट टाकलं आणि दिवसभर स्वतः तिथेच बसल्या. पट्टीनं मोजणं त्यांनी थांबवलं नाही. गाठ एक भोक चढली, मग दुसरं. बाराव्या सकाळी माणिकनं पाणीही नाकारलं आणि उठायला गेला तर मागचे पाय उचलेनात. काकूंनी मला हाक मारली आणि मी डॉक्टरांना घेऊन आले.

सावलीत सगळी तयारी झाली. सुई भरून डॉक्टर गुडघ्यावर बसल्या तेव्हा काकूंनी त्यांचं मनगट धरलं. "नाय केलं तर?"

डॉक्टरांनी हात सोडवून घेतला नाही. "तर दोन-तीन दिवस काढेल. खूप त्रासात काढेल."

"किती वेळात व्हईल?"

"मिनिटभरात."

काकूंनी मनगट सोडलं. वाकून त्याच्या पडलेल्या कानात काहीतरी सांगितलं, आम्हाला ऐकू आलं नाही. मग त्या सरळ झाल्या आणि म्हणाल्या, "करा." त्यांचा हात शेवटपर्यंत त्याच्या गळ्यावर होता. माणिकला त्याच वेलीशेजारी पुरलं. मी खड्ड्यात माती लोटायला पुढे झाले तर त्यांनी अडवलं नाही, पण माझ्याकडे बघितलंही नाही.

त्यानंतर सात महिने आमच्यात "बरं हाय का" आणि "हो, बरं आहे" याच्या पलीकडे काही झालं नाही. गुरुवारी सकाळी मला उगाच पाऊणएक तास काही सुचायचं नाही. गाडीतली गोधडी मी काढली नाही आणि नवऱ्यानंही पुन्हा कटकट केली नाही. काकूंकडे जाऊन आलेले लोक सांगायचे, की आता चहाबरोबर बिस्किटं देतात. त्यांच्या त्या शर्टाच्या खिशात पुडी दिसायची नाही.

काकू पुढच्याच उन्हाळ्यात गेल्या. मुलाकडे पुण्याला गेल्या होत्या, तिथेच झोपेत गेल्या. बाग आता नाही. तिथे पत्रे लावून खोदकाम चाललं आहे आणि कोपऱ्यातली वेल सगळ्यात आधी निघाली. पण पुण्याच्या त्या काकू मी पाहिल्या नाहीत आणि बघायच्याही नव्हत्या. माझ्यासाठी त्यांचं शेवटचं दर्शन आहे ते ऑक्टोबरचं, छाटणीच्या दिवसांतलं.

सकाळची वेळ होती. बाल्कनीत कपडे वाळत घालत होते तर खालून हाक आली. "मास्तरीणबाई! खाली ये." सात महिन्यांनी. मी एका जोडाची एक आणि दुसऱ्या जोडाची एक अशा चपला घालून गेले. काकू फाटकाशी उभ्या, तोच पांढरा शर्ट, बटणं मनगटापर्यंत. हातात छाटलेल्या काड्यांना लावायच्या औषधाची नवीन बाटली आणि तिच्याबरोबरचं घडीचं पत्रक.

"इंग्रजी हाय. वाच."

मी घडी उलगडली. पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. औषधाचं नाव, प्रमाण, पाण्यात कसं मिसळायचं, हातमोजे, चष्मा, वाऱ्याची दिशा. काकू डोळे मिटून, फाटकाला टेकून ऐकत होत्या. मध्येच एका ओळीला त्या म्हणाल्या, "परत," आणि मी ती परत वाचली. पान संपत आलं. शेवटची ओळ होती: अन्न, पाण्याची भांडी आणि पाळीव जनावरं यांच्यापासून दूर ठेवावे. तीही मी वाचली.

"संपलं?"

"संपलं."

काकूंनी डोळे उघडले. "आता कसं," म्हणाल्या. बाटली उचलली, हातमोजे चढवले आणि कोपऱ्यातल्या वेलीकडे चालू लागल्या. पत्रक माझ्याच हातात राहिलं. ते द्यावं म्हणून मी घडी घालायला लागले, तर मागच्या बाजूला तेच सगळं मराठीत छापलेलं होतं, आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत प्रत्येक ओळीशेजारी पेन्सिलीची बारीक खूण होती.